घरचा संगणक आणि बेमुदत परवाना

एके काळी घरात रेडिओ ठेवावयाचा तर त्यासाठी सरकारी परवाना काढावा लागे. यंत्र दुकानातून रोख पैसे मोजून आणलेले असे, त्याच्या मालकीविषयी कोणाला शंका नसे. तरीही १९३३ च्या बिनतारी संदेशवहनाच्या कायद्याप्रमाणे ते परवान्यावाचून जवळ बाळगणे हा गुन्हा ठरे. १९२७ च्या जुलैत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले तेव्हा या परवान्याची वार्षिक फी दहा रुपये होती. पुढे कित्येक दशके घरातील कर्ती माणसे परवान्याची पुस्तिका घेऊन पोस्टात जात आणि वर्षाची फी भरून तिच्यावर नोंद करून आणीत. १९८० च्या दशकात ही पद्धत बंद झाली. स्वतःच्या घरातील वस्तू वापरण्यासाठी दरसाल परवाना ताजा करून घ्यावा लागतो, ही कल्पनाच त्यानंतरच्या पिढीला अपरिचित झाली. आणि साधारण त्याच सुमारास दुसऱ्या एका यंत्राबरोबर परवाना हा शब्द पुन्हा घरात शिरू लागला.

हे यंत्र म्हणजे संगणक. तो घरात येतो तो एकटा येत नाही. त्याला चालविणारी आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, त्याच्याबरोबर यावी लागते. यंत्र विकत मिळते. सॉफ्टवेअर मात्र विकलेले नसून परवान्याने वापरावयास दिलेले आहे, असे त्याच्या कागदपत्रांत बारीक अक्षरांत छापलेले असते. मग हा परवाना रेडिओच्या परवान्याप्रमाणे दरसाल ताजा करावा लागतो काय? प्रश्न साधा आहे आणि तो घरोघर विचारला जातो. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, याचे कारण गेल्या साठ वर्षांत या परवान्याचा अर्थ एकसारखा राहिलेला नाही.

आरंभी असा प्रश्नच उद्भवत नसे. १९५० आणि १९६० च्या दशकांत संगणक म्हणजे एक दालन व्यापून राहणारे यंत्र, आणि तेही बहुधा आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीकडून मासिक भाड्याने घेतलेले. यंत्रे विकण्यापेक्षा भाड्याने देण्यावर या कंपनीचा इतका कटाक्ष असे की, १९५६ साली अमेरिकन सरकारशी झालेल्या न्यायालयीन तडजोडीत, यंत्रे विक्रीसही ठेवली पाहिजेत असे बंधन तिला पत्करावे लागले. आज्ञावली यंत्राबरोबर येत आणि त्यांचे वेगळे मोल नसे. घरमालकाने बिऱ्हाडकरूला खोलीबरोबर खुंट्या आणि फडताळ द्यावे तसा तो प्रकार होता. जानेवारी १९६९ मध्ये सरकारने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली कंपनीवर नवा खटला भरला, आणि त्याच वर्षी २३ जूनला कंपनीने जाहीर केले की, यापुढे काही आज्ञावलींची किंमत यंत्राहून वेगळी आकारली जाईल. सॉफ्टवेअरचा स्वतंत्र बाजार येथून जोमाने वाढू लागला असे सामान्यतः मानले जाते. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ही वेगळी आकारणी महिन्याच्या महिन्याला व्हावयाची होती. म्हणजे या सर्वांत मोठ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला प्रथम किंमत लागली ती भाड्याच्या रूपाने. हल्ली वर्गणीच्या पद्धतीला नव्या युगाची लाट म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ती या धंद्याची जुनीच रीत होय.

ती रीत मोडली घरगुती संगणकाने. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' नावाच्या यंत्राचे चित्र झळकले. न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्कच्या 'मिट्स' या लहानशा कंपनीने ते तयार केले होते. सुटे भाग घरी जोडून घेण्याची तयारी असेल तर ते चारशे डॉलरांच्या आत मिळे. त्याला पडदा नव्हता, कळफलक नव्हता. समोरच्या बाजूस बटणांची आणि लाल दिव्यांची रांग होती, आणि स्मृती अवघ्या २५६ अक्षरांची. अशा यंत्राकडून काही उपयुक्त काम करून घ्यावयाचे तर त्याला एखादी भाषा शिकविणे भाग होते. ते काम बिल गेट्स आणि पॉल ॲलन या दोन तरुणांनी अंगावर घेतले. हार्व्हर्ड विद्यापीठाच्या मोठ्या संगणकावर त्यांनी 'बेसिक' भाषेची आज्ञावली लिहिली. तिचा गणिती भाग मॉन्टी डेव्हिडॉफ नावाच्या विद्यार्थ्याने लिहून दिला. छिद्रे पाडलेल्या कागदी फितीच्या रूपाने ही आज्ञावली गिऱ्हाइकाच्या हाती पडे.

कागदाची फीत! तिचे भेंडोळे खिशात मावते, आणि ज्याच्यापाशी छिद्रे पाडणारे यंत्र आहे त्याला तिची नक्कल करावयास फार वेळ लागत नाही. १९७५ च्या जूनमध्ये मिट्सची मंडळी कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे आपल्या यंत्राचे प्रात्यक्षिक दाखवीत असता तेथून अशी एक फीत नाहीशी झाली. थोड्याच दिवसांत 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' या हौशी लोकांच्या मंडळात तिच्या नकला वाटल्या गेल्या. एक नक्कल न्यावी आणि पुढच्या बैठकीला दोन आणाव्यात, असा तेथे संकेत होता म्हणतात. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी वीस वर्षांच्या गेट्सने या हौशी मंडळींना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिले. तुमच्यापैकी बहुतेक जण सॉफ्टवेअरची चोरी करतात, असा त्यात उघड आरोप होता. अल्टेअर घेतलेल्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतले, चाळीस हजार डॉलरांहून अधिक मोलाचा संगणक-काळ खर्ची पडला, आणि मिळालेल्या मानधनाचा हिशेब केला तर तासाला दोन डॉलरही सुटत नाहीत, अशी तक्रार त्याने मांडली. हौशी मंडळी गप्प बसली नाहीत. ज्या विद्यापीठीय संगणकावर हे काम झाले त्याचा खर्च सरकारी पैशातून चालतो ना, असा उलट सवाल काहींनी केला.

या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ शाई खर्च झाली. नक्कल करावी की नाही, कष्टाचे मोल कोणी द्यावे, हे प्रश्न त्यात होते; मुदतीचा प्रश्न मात्र नव्हता. फीत विकत घेणाऱ्याने ती किती वर्षे वापरावी, हे पत्रात कोठे आलेले नाही. मुदतीची कल्पना या तरुणांना ठाऊक नव्हती असे नाही. मिट्सशी झालेल्या त्यांच्या करारात त्या कंपनीला दहा वर्षांचे अनन्य हक्क दिलेले होते, आणि पुढे मिट्स दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेल्यावर त्या कराराचे भांडण १९७७ साली लवादापुढे जाऊन गेट्स-ॲलन यांच्या बाजूने निकालात निघाले. घाऊक व्यवहाराला मुदत होती, किरकोळ व्यवहाराला नव्हती. याचे कारण तत्त्वज्ञानात शोधण्याची गरज नाही. एकदा फीत गिऱ्हाइकाच्या घरी गेली की तिच्यापर्यंत पोचण्याचा कोणताही मार्ग विक्रेत्याजवळ उरत नसे. जे वसूल करता येत नाही ते भाडे कोणी आकारीत नाही.

त्यानंतर सुमारे पंचवीस-तीस वर्षे घरगुती सॉफ्टवेअर दुकानात पुस्तकासारखे खोक्यातून विकले गेले. फितीच्या जागी लवचिक तबकडी आली, तिच्या जागी चकचकीत काँपॅक्ट डिस्क आली. कायद्यानेही त्याला पुस्तकाच्याच पंक्तीत बसविले. अमेरिकेत १९८० साली कॉपीराइटच्या कायद्यात संगणक-आज्ञावलींसाठी तरतूद झाली. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन आज्ञावलीचा समावेश वाङ्मयकृतींत करण्यात आला. त्यामुळे बँकेच्या हिशेबाची आज्ञावली आणि कादंबरी या दोघी कायद्याच्या दृष्टीने भगिनी झाल्या. १९९४ च्या दुरुस्तीने, कायदेशीर प्रत ज्याच्याजवळ आहे त्याला नुकसानीपासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करून ठेवण्याची मुभा मिळाली, आणि उलट बाजूने, चोरटी प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास कमीत कमी सात दिवसांच्या कैदेची शिक्षाही ठरली.

पुस्तकाच्या बाबतीत एक जुना निर्णय आहे. एका अमेरिकन प्रकाशकाने आपल्या कादंबरीत, ही प्रत एक डॉलरहून कमी किमतीला विकू नये अशी सूचना छापली होती. १९०८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रत एकदा विकल्यावर तिच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाची अशी सत्ता चालत नाही. सॉफ्टवेअरच्या विक्रेत्यांना हेच नको होते. म्हणून त्यांनी खोक्यात कराराचा कागद घातला आणि वेष्टन फोडताच तो मान्य झाला असे समजावे, असा पायंडा पाडला. १९९६ साली अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने असा करार बंधनकारक मानला. विक्रीचा परवाना झाला तो अशा रीतीने, प्रतीचा मालक होऊ पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला वापरकर्ता करून ठेवण्यासाठी. परंतु त्या कागदातही वापराचे वर्ष सामान्यतः घातलेले नसे. अटी मोडल्या तर परवाना संपे. एरवी तो चालूच राही.

मराठी दप्तरांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना येथे जुन्या इनामपत्रांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. त्यांच्या अखेरीस ठरलेल्या शब्दांत आज्ञा असते की, दरसाल ताज्या पत्राचा उजूर करू नये, या पत्राची तालीक लिहून घेऊन असल पत्र भोगवट्यासाठी परत द्यावे. घरगुती सॉफ्टवेअरचा परवाना हा याच जातीचा, उजूर नसलेला होता. मौज इतकीच की जुने पत्र स्वतःच आपली नक्कल करून घ्यावयास सांगते, आणि नव्या परवान्यात सर्वांत मोठे निषिद्ध कर्म नक्कल हेच आहे. शिवाय इनामदारालाही अनुभवाने ठाऊक असे की, पत्रात काहीही लिहिलेले असो, राज्य पालटले की नव्या धन्याकडून सनद ताजी करून घेणे शहाणपणाचे असते.

संगणकाच्या जगात हे राज्य-पालट दर काही वर्षांनी होतात. 'विंडोज'चे उदाहरण घ्यावे. नव्या संगणकाबरोबर आलेला तिचा परवाना त्या संगणकाशी बांधलेला असतो. वेगळा विकत घेतलेला परवाना जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो. दोहोंनाही वार्षिक मुदत नाही. २००१ साली आलेल्या 'विंडोज एक्सपी'पासून घरगुती प्रत कंपनीकडे नोंदवून कार्यान्वित करून घ्यावी लागू लागली, पण ते काम यंत्रात मोठा बदल झाला नाही तर एकदाच करावयाचे असते. असे असूनही घरोघर समज पसरतो की विंडोजची 'मुदत संपली'. या समजाचे मूळ एका निराळ्या तारखेत आहे. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला थांबली, 'विंडोज ७'ची १४ जानेवारी २०२० ला आणि 'विंडोज १०'ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्या दिवशी परवाना संपला नाही. यंत्र दुसऱ्या दिवशीही पूर्ववत सुरू झाले. संपला तो पहारा. नव्याने उघडकीस येणाऱ्या भगदाडांना बुजविण्याचे काम कंपनीने सोडून दिले. वाड्याचे दार आपलेच राहिले आणि पहारेकरी तेवढा गेला, अशी ती स्थिती. विंडोज १० च्या वेळी घरगुती वापरकर्त्यांना प्रथमच आणखी एक वर्ष, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत, पहारा वाढवून घेण्याची सोय देण्यात आली. अमेरिकेत तिची रोख किंमत तीस डॉलर ठेवलेली होती, आणि काही अटींवर ती फुकटही मिळे.

घरात खऱ्या अर्थाने दरसाल ताजा करावा लागणारा परवाना प्रथम आला तो विषाणुरोधक सॉफ्टवेअरचा. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा घरगुती संगणकांवर पसरलेल्या पहिल्या विषाणूंपैकी एक. त्यानंतर अशा उपद्रवांची रीघ लागली. पुण्यात कैलास काटकर हे यंत्रे दुरुस्त करण्याचा व्यवसाय करीत. दुरुस्तीसाठी येणाऱ्या संगणकांत विषाणूंचा प्रादुर्भाव वारंवार आढळू लागल्यावर त्यांचे बंधू संजय काटकर यांनी त्यांवर उतारा लिहिला, आणि त्यातूनच १९९० च्या दशकात 'क्विक हील' हे नाव पुढे आले. येथे वार्षिक नूतनीकरणाला तक्रार करण्याजोगे काही नाही. रोज नवे विषाणू निघतात, रोज त्यांची ओळख संगणकाला पटवून द्यावी लागते. गिऱ्हाईक पैसे देते ते वस्तूचे नसून चालू असलेल्या कामाचे असतात, वर्तमानपत्राच्या वर्गणीसारखे. छोट्या दुकानदाराच्या हिशेबाच्या 'टॅली'चे स्वरूप या दोहोंच्या मधले आहे. तिचा कायमचा परवाना संपत नाही. नूतनीकरण करावे लागते ते सुधारणा मिळविण्याच्या सेवेचे. ते न करणाऱ्याचे काही बिघडत नाही, असे कित्येकांना वाटे. १ जुलै २०१७ ला वस्तु व सेवाकर लागू झाला आणि हिशेबाची जुनी रीत एका रात्रीत निरुपयोगी ठरली, तेव्हा बेमुदत परवान्याची मर्यादा व्यापाऱ्यांना कळून आली.

इथवरचे नूतनीकरण समजण्यासारखे होते. त्यापुढचे वेगळे आहे. 'फोटोशॉप' काढणाऱ्या ॲडोबी कंपनीने ६ मे २०१३ रोजी जाहीर केले की, आपल्या चित्रकामाच्या व छपाईच्या संचाच्या नव्या आवृत्त्या यापुढे खोक्यातून विकल्या जाणार नाहीत, केवळ वर्गणीने मिळतील. त्याच वर्षीच्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने 'ऑफिस'ची घरगुती वर्गणी सुरू केली होती. मात्र एकदाच पैसे देऊन घ्यावयाची आवृत्तीही तिने राखली, आणि २०२४ ची आवृत्ती तशीही विकली गेली. फोटोशॉपचे काम वर्षाने संपते म्हणून हा पालट झाला नाही. आता प्रत्येक घरात तार पोचली होती, आणि जे १९७५ साली अशक्य होते ते शक्य झाले होते. मालकाला बिऱ्हाडकरूच्या दाराशी दर महिन्याला उभे राहता येऊ लागले. वर्गणी थकली तर ऑफिसमध्ये जुने कागद उघडता येतात, वाचता येतात, छापता येतात. त्यांत दुरुस्ती करता येत नाही, नवे लिहिता येत नाही.

येथे प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही. एखाद्या गृहिणीने दहा वर्षे लिहिलेला जमाखर्च, निवृत्त शिक्षकाने लिहीत आणलेले आत्मचरित्र, मुलाच्या शाळेचे अर्ज, हे लेखन ज्याचे त्याचे आहे, त्यावर कोणा कंपनीचा हक्क नाही. पण ते ज्या पेटीत ठेवले आहे तिची किल्ली भाड्याची आहे. मराठी मुद्रकांना आणि प्रकाशकांना हा अनुभव अगदी नवा नव्हे. युनिकोडची सार्वत्रिक रूढी होण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणीच्या आज्ञावलींत प्रत्येकीची टंकलिपी आपापल्या संकेतांची असे. एकीत जुळवलेला मजकूर दुसरीत उघडला की पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांगोळी उमटे. चोरी टाळण्यासाठी संगणकाच्या पाठीमागे खोचावयाचे एक लहानसे कुलूप आज्ञावलीबरोबर दिले जाई. परवाना कायमचा होता. पण कुलूप हरवले, किंवा ते खोचण्याची खाच नव्या संगणकावर राहिली नाही, की जुळवून ठेवलेली पुस्तके हाताशी असून नसल्यासारखी होत. तेव्हा लेखन अडकून पडण्याचा सगळा दोष वर्गणीच्या माथी मारता येणार नाही. बेमुदत परवान्यानेही तो प्रसंग आणला होता. जे सुटले ते कोणालाही वाचता येईल अशा उघड स्वरूपात मजकूर उतरवून ठेवणारे.

याच कारणाने या इतिहासात एका निराळ्या परवान्याची नोंद केली पाहिजे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ जाहीर केली आणि १९८९ साली तिच्यासाठी एक सार्वजनिक परवाना लिहिला. त्यात नक्कल करण्याचा, बदलण्याचा आणि इतरांस देण्याचा हक्क वापरणाऱ्यास मिळतो. 'लिनक्स' याच परवान्याने वापरात आहे. अशा परवान्यांना नूतनीकरण नाही. तालीक लिहून घ्यावी, हे जुन्या इनामपत्रातील कलम येथे तेवढे पुन्हा भेटते.

सॉफ्टवेअर विकले जाते की वापरावयास दिले जाते, याविषयी न्यायालयांचे मात्र अद्याप एकमत नाही. अमेरिकेत २०१० साली एका अपील न्यायालयाने, परवान्याने मिळालेली जुनी प्रत पुन्हा विकण्याचा हक्क गिऱ्हाइकाला नाकारला. दोनच वर्षांनी, २०१२ मध्ये, युरोपीय संघाच्या न्यायालयाने बरोबर उलट सांगितले : एकरकमी किंमत घेऊन बेमुदत परवाना दिला तर ती विक्रीच होय, आणि घेणाऱ्याला तो पुढे विकता येतो. भारतात हा प्रश्न प्रथम उपस्थित केला तो करखात्याने. मालकी कोणाची हे विचारण्याची निकड सर्वांआधी त्यालाच भासावी हे स्वाभाविक आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि आंध्र प्रदेश राज्य यांच्या वादात ५ नोव्हेंबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, तबकडीवर तयार मिळणारे सॉफ्टवेअर हा माल आहे आणि त्यावर विक्रीकर बसतो. २ मार्च २०२१ च्या निकालात त्याच न्यायालयाने सांगितले की, केवळ वापरासाठी परदेशी कंपनीला दिलेली किंमत ही कॉपीराइटचे स्वामित्वशुल्क ठरत नाही. हाती येते ती प्रत, कॉपीराइट नव्हे. हे दोन्ही निर्णय कराच्या प्रश्नावरचे आहेत, तरी त्यांचा कल परवान्याच्या बारीक अक्षरांपेक्षा बाजारातील साध्या व्यवहाराकडे आहे, हे उघड आहे.

शब्दांच्या या गोंधळावर कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून एक उपाय अमलात आणला आहे. जो अंकीय माल विक्रेत्याला पुढे काढून घेता येतो त्याच्या जाहिरातीत 'खरेदी करा' असे शब्द वापरावयाचे असतील, तर हा केवळ परवाना आहे हे गिऱ्हाइकाला आधी स्पष्टपणे कळविले पाहिजे. भारतात लक्ष गेले ते खात्यातून आपोआप वळत्या होणाऱ्या रकमेकडे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून अशी रक्कम कार्डावरून वळती करण्यापूर्वी किमान चोवीस तास आधी ग्राहकास सूचना मिळणे आवश्यक ठरले. रक्कम पाच हजारांहून अधिक असेल तर त्याची पुन्हा संमती लागे; ही मर्यादा जून २०२२ मध्ये पंधरा हजार करण्यात आली. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी, वर्गणी सुरू करणे सोपे आणि बंद करणे अवघड ठेवण्याच्या युक्तीला 'वर्गणीचा सापळा' असे नाव देऊन ती निषिद्ध व्यापारी प्रथांत घातली आहे. चोवीस तास आधी येणारा तो संदेश दूरध्वनीवर दोन ओळींचा असतो. त्यात कंपनीचे नाव, रक्कम आणि तारीख असते, आणि नको असल्यास तो व्यवहार थांबविण्याचा मार्गही दिलेला असतो.